पाठीला हात लावण्याआधी विचारा

(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळच्या सत्रात आपण पाळी, अंगावरून जाणं, गर्भाशयाचे आजार यांवर बरंच बोललो. आता माझ्याकडे विषय दिला आहे पाठीचा. आरोग्य शिबिरात हा विषय सहसा सर्वात शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. 'कंबर दुखते' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो, की ती तक्रार आहे हेच विसरून जातो. वस्तीतल्या बैठकीला बायका येतात, खाली बसताना 'आई गं' म्हणतात, उठताना 'आई गं' म्हणतात. कुणी विचारलंच तर सांगतात, 'काही नाही ओ, नेहमीचंच.'

हे 'नेहमीचंच' किती मोठं आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तिचं प्रमाण जास्त आहे. यातल्या दहापैकी नऊ जणांच्या दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार किंवा हाडाची मोडतोड सापडत नाही. म्हणजे दुखणं खोटं असतं असं नाही. एक्स-रेमध्ये बोट ठेवून दाखवावं असं काही नसतं, इतकंच. मग ते येतं कुठून? आपल्या रोजच्या दिवसाकडे पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. आणि ज्याच्याकडे आपण उपचाराला जातो, तो नेमकं तेच विचारत नाही. आज मला बोलायचं आहे ते याबद्दल.

माझाच अनुभव सांगते. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. त्यानंतर गेली बारा वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये घरकामगार बायकांबरोबर आणि एका कुटुंब सल्ला केंद्रात काम करते आहे. रोज दोन-अडीच तास दुचाकीवर, बाकीचा दिवस सतरंजीवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि रात्री मुलगी झोपली की अहवाल लिहायला संगणकासमोर. तीन वर्षांपासून माझी कंबर दुखते. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी जात होते त्यांच्या व्यायामांनी बरं वाटत होतं, पण त्या पुणं सोडून मुलाकडे राहायला गेल्या. गेल्या पावसाळ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि दुखणं पुन्हा उसळलं. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने नव्याने सुरू झालेल्या एका कायरोप्रॅक्टरचं नाव सुचवलं. 'एकदा कट्कन आवाज आला की मोकळं वाटतं,' तो म्हणाला.

कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्यांना आणि सांध्यांना हाताने झटका किंवा दाब देऊन उपचार करणारा. आपल्याला हा प्रकार अगदीच परका नाही. आपल्याकडे हाडवैद्य आहेत. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची रीत अजून कित्येक गावांत आहे. कायरोप्रॅक्टिक मात्र अमेरिकेतून आलं. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचं ऐकणं सुधारलं, असा दावा केला. मणके जागेवरून सरकतात आणि त्यातून शरीरभर आजार होतात, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. आज त्या पद्धतीतली सगळीच माणसं ती मानत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९४ साली या व्यवसायासाठी कायदा झाला. त्या कायद्याखाली नेमलेल्या तिथल्या परिषदेनेच २०१० साली सांगितलं की 'सरकलेल्या मणक्यामुळे आजार होतात' याला संशोधनाचा आधार नाही.

आपल्या देशात या पद्धतीसाठी वेगळा कायदा नाही, की तिची नोंदणी करणारी परिषद नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरसाठी वैद्यकीय परिषद आहे, महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी परिषद आहे. कायरोप्रॅक्टरची पाटी पाहून मात्र त्या माणसाने काय आणि कुठे शिकलं हे तपासायला आपल्याला दार नाही. हे मला माहीत होतं. तरी मी गेले, कारण दुखत होतं. दुखणारं माणूस आशेनं जातं, हे आपण कुणीच विसरू नये.

दवाखाना चकचकीत होता. आधी पंधराशे रुपये भरायचे, मग एक अर्ज. त्यात पतीचं नाव, पतीचा व्यवसाय, मुलं किती, प्रसूती नॉर्मल की सिझेरियन, हे सगळं होतं. मी काय काम करते याला रकाना नव्हता. खाली बारीक इंग्रजीत चार ओळी होत्या, की जे उपचार होतील त्या सर्वांना माझी संमती आहे. मी टेबलावरच्या मुलीला विचारलं, 'कोणते उपचार?' ती म्हणाली, 'मॅडम, सगळेच सही करतात.' मी त्या ओळींवर काट मारली आणि मग सही केली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू बिल बुडवून निघाले आहे.

लगेच शेजारच्या खोलीत एक्स-रेसाठी पाठवलं. कुणी तपासलं नव्हतं, कुणी दुखणं ऐकलं नव्हतं. आणि मैत्रिणींनो, कमरेचा एक्स-रे काढण्याआधी बाईला एक प्रश्न विचारायलाच हवा : पाळी कधी आली होती, दिवस राहिले असण्याची शक्यता आहे का? तो प्रश्न आला नाही. मीच सांगितलं की तपासणी झाल्याशिवाय मी एक्स-रे काढणार नाही.

मग आत बोलावलं. तिशीचा तरुण, पांढरा कोट. समोर भिंतीवर मणक्यांचं मोठं चित्र, आणि प्रत्येक मणक्यातून एक रेघ निघून पोटाकडे, मूत्राशयाकडे, गर्भाशयाकडे गेलेली. त्यानं मला उभं राहायला सांगितलं, मागून खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, 'मणके सरकलेत. पाळीचाही त्रास असेल.' मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, 'होईल.' आत आल्यापासून अजून दोन मिनिटंही झाली नव्हती.

पालथं झोपायला सांगितलं. झोपताना पाहिलं तर कोपऱ्यात तिकाटण्यावर मोबाइल लावलेला. विचारल्यावर कळलं की चित्रीकरण चालू आहे, त्यांच्या प्रचारासाठी. 'चेहरा दिसणार नाही,' तो म्हणाला. मी सांगितलं, पाठ दिसेल ना, ती माझीच आहे. मोबाइल बंद झाला. खोलीत दुसरी बाई नव्हती, ती बोलावून घेतली. त्यानंतर त्यानं उताणं वळायला सांगितलं आणि काही न बोलता दोन्ही हातांत माझी मान धरली. मी तक्रार कंबरेची केली होती. मी 'थांबा' म्हटलं. तो थांबला, पण हसून म्हणाला, 'तुम्ही बायका फार टेन्शन घेता, म्हणूनच दुखतं.'

शेवटी चोवीस बैठकांचं पॅकेज समोर आलं, तीस हजारांचं. आजच भरले तर सवलत. न भरले तर पाच वर्षांत उभं राहता येणार नाही, ही भीती फुकट. मी उपचार न घेता बाहेर आले. कंबर होती तशीच होती. जिना उतरताना निराशाच अधिक वाटली, राग नंतर आला.

आता यात एका माणसाची निंदा करणं हा माझा हेतू नाही. हाताने केलेल्या उपचारांचा काहीच उपयोग नाही, असंही मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत व्यायाम आणि आजाराची नीट माहिती देणं यांच्या जोडीला मणक्यावरचे हाताचे उपचार आणि मालिशही आहे. काही जणांना त्याने बरं वाटू शकतं. त्याच तत्त्वांत कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं यांची मात्र सरसकट शिफारस केलेली नाही. आपल्या किती जणींच्या घरी असा पट्टा दाराच्या खिळ्याला लटकतो आहे? आणि तो 'कट्' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. तो आला म्हणून बरं झालं नाही, आणि नाही आला म्हणून काही राहून गेलं नाही.

मानेची गोष्ट मात्र गंभीर आहे. मानेला झटका देताना क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात, अशा पाठीला जोराचा दाब धोक्याचा. म्हणून आधी विचारणं, तपासणं, सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. त्याला कुणी शिष्टाचार समजू नये.

माझ्या त्या अर्ध्या तासात तीन गोष्टी झाल्या. एक, माझ्या कामाबद्दल एकही प्रश्न आला नाही, बाळंतपणाबद्दल मात्र आला. दोन, सांगितल्याशिवाय माझ्या शरीराला हात लागला आणि त्याचं चित्रण सुरू झालं. तीन, मला भीती विकली गेली. या तीनही गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत. त्या सरकारी दवाखान्यात होतात, मोठ्या रुग्णालयात होतात, बुवाच्या मठात होतात. बाईचं दुखणं हे तिच्या पोटातून किंवा तिच्या मनातून येतं, ही समजूत सगळीकडे सारखीच आहे. ते तिच्या कामातून येत असेल, हे कुणाला सुचत नाही.

काम म्हणजे किती? केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. तिच्यात असं दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुष घालवतात ९७ मिनिटं, आणि तेही जे मुळात काम करतात ते. पाच तास वाकून झाडणं, बसून भांडी घासणं, पाणी उचलणं, लेकरू कडेवर घेणं. हे पाच तास एक्स-रेमध्ये उमटत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. तिथेही बाईच्या दुखण्यावर कातर चालली. उचलायच्या मोळीचं वजन, पालावर नसलेला संडास, पाळीतही न मिळणारी सुट्टी यांना कुणी हात लावला नाही.

मी शिकलेली, माझ्याकडे शब्द आहेत. लोकांच्या घरातल्या मारहाणीबद्दल मी पोलीस ठाण्यात जाऊन बोलते. तरी पालथं झोपलेलं असताना 'थांबा' म्हणायला मला जोर लावावा लागला. आमच्या संघटनेतल्या एका ताईची गोष्ट याच्याशी ताडून पाहा. चार घरची धुणीभांडी. कंबर धरली म्हणून अशाच एका ठिकाणी गेली. बचत गटातून सहा हजारांचं कर्ज काढून बैठकांचे पैसे आगाऊ भरले. तिसऱ्या बैठकीनंतर पायाला मुंग्या यायला लागल्या, तर 'असं होतंच' म्हणून पाठवून दिलं. पुढे जायला तिला धीर झाला नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. कर्जाचे हप्ते भरायला तिने पाचवं घर धरलं. कंबरेच्या उपचारासाठी कंबरेवर आणखी एक घर! तिला मी विचारलं, 'तू का नाही बोललीस?' ती म्हणाली, 'ताई, डॉक्टरला कसं विचारायचं?'

तर विचारायचं कसं, हे आपल्याला शिकावं आणि शिकवावं लागेल. त्यासाठी आपल्या हातात काय आहे ते सांगते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आणि २०१९ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे पाठवली. आजाराची आणि उपचाराची समजेल अशी माहिती, संमती, गुप्तता, खर्चाचे दर, दुसऱ्या डॉक्टरचं मत हे सगळे हक्क तिच्यात आहेत. पुरुष डॉक्टर तपासत असेल तेव्हा दुसरी बाई हजर असण्याचा हक्कही आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा समिरा कोहली खटल्याचा निकाल आपल्या प्रत्येक गटाला ठाऊक हवा. तपासणीसाठी भूल दिलेली असताना त्या बाईंचं गर्भाशय काढलं गेलं, आणि परवानगी घेतली ती बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची. न्यायालयाने म्हटलं की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान, समजत्या बाईच्या वतीने तिच्या आईने दिलेली परवानगी चालत नाही. मग नवऱ्याची तरी का चालावी?

जिथे परिषद नाही तिथे काय? तिथेही आपण ग्राहक आहोतच. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. पैसे घेऊन पाठीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आपण हाच न्याय मागू शकतो. २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण त्यासाठी कागद लागतो. म्हणून पहिली सवय : पावती घ्या, अर्जाचा फोटो काढा, आगाऊ पॅकेज भरू नका. एका बैठकीचे पैसे एका बैठकीला.

दुसरी सवय : एकटीनं जाऊ नका. पोलीस ठाण्यात आपण बाईला एकटं पाठवत नाही, मग दवाखान्यात का पाठवतो?

तिसरी सवय : प्रश्न पाठ करा. तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे? मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं आणि कशावरून? आता कुठे हात लावणार, काय करणार? यात धोका काय? हे केलं नाही तर दुसरं काय करता येईल? पाच प्रश्न. ज्याला याचा राग येतो, तिथून उठून यायला हरकत नाही.

आणि काही लक्षणं अशी, की तिथे मालिश नको, झटका नको, आधी मोठ्या दवाखान्यात जायचं. लघवी-संडासवर ताबा न राहणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली शक्ती जाणं, पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग. संध्याकाळी येणारा ताप आणि उतरणारं वजन यांबरोबर पाठ दुखत असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, आणि क्षयावरचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

बाकीच्या दुखण्यांसाठी नियमित हालचाल, व्यायाम आणि कामाची वाटणी लागते. व्यायाम आपण गटात करू शकतो. बैठकीआधी दहा मिनिटं, साडी खोचून, हसत. वाटणीचं मात्र घरात बोलावं लागेल, आणि जिथे काम करतो तिथेही. उभं राहून भांडी घासता येतील असा ओटा, लांब दांड्याची फरशी पुसणी, आठवड्याची सुट्टी या आरोग्याच्या मागण्या आहेत. आमच्या घरकामगार बायकांनी त्या मागणीपत्रात घातल्या, तेव्हा मालकिणी म्हणाल्या, 'हे काय नवीन?' नवीन काहीच नाही, कंबर जुनीच आहे.

दुपारच्या सत्रात दोघी-दोघींच्या जोड्या करू. एकीने डॉक्टर व्हायचं, एकीने रुग्ण. पाच प्रश्न आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत विचारून पाहायचे. अहिराणीत विचारा, मालवणीत विचारा, पारधी बोलीत विचारा. कुठला प्रश्न घशात अडकतो ते लिहून काढा. जो अडकेल त्याच्यावर आपल्याला पुढचे तीन महिने काम करायचं आहे.